लॅपटॉपचाही श्वास कोंडतो!

गॅसच्या बर्नरची भोकं बुजली की आपण काय करतो? सुई घेतो आणि एकेक भोक मोकळं करतो. शिलाई मशीन खडखडायला लागलं की प्लेट काढून बॉबीन केसखालची दोऱ्यांची लव ब्रशनं झाडतो, दोन थेंब तेल सोडतो. कुकरची शिट्टी, मिक्सरचं वायसर, फ्रिजची मागची जाळी... यातलं काही आपल्याला शाळेत शिकवलेलं नसतं, तरी आपण ते करतोच. पण हाच हात लॅपटॉपपाशी आला की थबकतो. त्याला आपण वरून मऊ फडक्यानं पुसतो, छानसं कव्हर घालतो आणि देवाच्या पेटीसारखं कपाटात ठेवून देतो. आत काय आहे हे बघायचं धाडस होत नाही. ‘नको बाई, इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे, काही झालं म्हणजे?’

मीही मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. घरसंसार सांभाळून बचतगटाचं काम करते. प्रोसेसर, हीटसिंक हे शब्द माझ्या वाट्याला आलेच नसते, पण आमच्या गटाच्या लॅपटॉपनं ऐन गरजेच्या वेळी आम्हाला कोंडीत पकडलं आणि ते शिकावे लागले. तेच आज तुम्हाला सांगायचंय.

आमचं गाव इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला, तेव्हापासून गावाला मागाच्या खडखडाटाची सवय आहे. आमच्या गल्लीत घराला लागूनच मागांचे शेड आहेत. सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोट फिरवलं तर कापसाची पांढरी लव बोटाला लागते. आमच्या गटात अठराजणी आहेत. निम्म्याहून जास्त कांड्या भरणाऱ्या, बाकीच्या शिवणकाम, पापड-शेवया करणाऱ्या. महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये बचत. २०२१ साली आम्ही चार महिन्यांची बचत एकत्र करून एक जुना, वापरलेला लॅपटॉप घेतला. गटाचा हिशोब, बँकेची कागदपत्रं, मुलींचे फॉर्म, सगळं त्याच्यावर. २०२४ च्या पावसाळ्यात ‘लाडकी बहीण’च्या कागदपत्रांसाठी तर माझ्या बाहेरच्या खोलीत बायकांची रांगच असायची.

आणि मग आला २०२५ चा मे महिना. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. आधी नोंदणी, मग कागदपत्रं जोडायची, मग कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा, तोही दहा कॉलेजांपर्यंत! ज्यांच्या घरी एकच फोन आणि तोही वडिलांच्या खिशात, अशा मुली आमच्याकडे यायला लागल्या. आमच्या गटातल्या कांडीवाल्या मावशींची नात बी.कॉम.ला आहे. ती संध्याकाळी येऊन हे फॉर्म भरून द्यायची. गटातल्या घरांना फुकट, बाहेरच्यांना वीस रुपये, त्यातले दहा तिला. तिची फी त्यातूनच निघायची.

नेमका तेव्हाच लॅपटॉप रुसला. सुरू केला की पाच मिनिटांत आतून ‘घूंऽऽ’ असा आवाज, पिठाच्या गिरणीसारखा. खालून हात लावला तर तापलेल्या तव्यासारखा चटका. टाइप केलेलं अक्षर अर्ध्या मिनिटानं उमटायचं. आणि एके संध्याकाळी एका मुलीचा दहावीचा दाखला जोडत असतानाच पडदा काळा! पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. मुलगी रडायच्या बेताला आली. शेवटी नातीनं तिचा फॉर्म रात्री आपल्या छोट्या फोनवर डोळे ताणून भरला.

दुसऱ्या दिवशी आम्ही लॅपटॉप घेऊन एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं तो सुरू केला, आवाज ऐकला, स्क्रूही न काढता म्हणाला, “बोर्ड गेलाय ताई. आठ हजार लागतील. त्यापेक्षा नवीन घ्या.” आठ हजार म्हणजे गटाची दोन महिन्यांहून जास्त बचत. आणि नवीन घ्यायचा तर कुणाच्या तरी घरचं कर्ज थांबवायला लागणार. त्या महिन्यात एका सभासदाला मुलाच्या ऑपरेशनसाठी पैसे हवे होते. अशा वेळी गटाचे पैसे कशाला द्यायचे, सांगा बरं?

संध्याकाळी बैठक बसली. सगळ्याजणी गप्प. तेवढ्यात कांडीवाल्या मावशी म्हणाल्या, “वैनी, त्याला सूत धरलं नसंल न्हवं? आमच्या कांडी मशीनला आठ दिस झाडलं न्हाई तर मोटर अशीच बोंबलत्या बघा. गरम बी हुत्या.” आम्ही हसलो. पण नात हसली नाही. ती म्हणाली, “काकू, आजी बरोबर बोलतीय. आतमध्ये पंखा असतो.”

आत असतं तरी काय?

हे नीट समजून घेतलं की निम्मी भीती जाते. लॅपटॉपचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. आपल्या नखाएवढी ती चकती, पण काम करताना चांगलीच तापते. ती उष्णता बाहेर गेली नाही तर प्रोसेसर जळेल, म्हणून तिला बाहेर काढायची एक वाट केलेली असते. प्रोसेसरवर तांब्याची पट्टी असते. तिला जोडून तांब्याची चपटी नळी. या नळीत थोडंसंच पाणी असतं आणि आतली हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे ते पाणी शंभर अंशांच्या खूप आधी उकळतं. त्याची वाफ नळीच्या दुसऱ्या टोकाला जाते, तिथे थंड होऊन पुन्हा पाणी होतं आणि परत फिरतं. न थांबता हा फेरा चालू. कुकरच्या झाकणाला आतून वाफेचे थेंब लागतात ना, तसंच. अशी नळी १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अ‍ॅलामॉस इथे जॉर्ज ग्रोव्हर या शास्त्रज्ञानं करून दाखवली आणि पुढे ती अंतराळयानांतही वापरली गेली. तीच आज आपल्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये आहे!

नळीच्या त्या थंड टोकाला कंगव्याच्या दातांसारख्या अगदी पातळ पत्र्यांची जाळी असते. तिच्यासमोर छोटा पंखा. पंखा खालच्या फटींतून गार हवा ओढतो आणि त्या जाळीतून बाहेर फेकतो. बाजूच्या फटीतून गरम वारा येतो तो हाच.

आता अडचण कुठे होते? पंखा हवा ओढतो तेव्हा धूळ, केस, कापसाची लव सगळंच ओढतो. पंख्यातून हे पार होतं, पण पुढच्या दाट जाळीत अडकतं. थरावर थर बसून तिथे चक्क एक वाकळ तयार होते. धुराडं बुजलं की चूल कशी धुपते, तसं मग होतं. उष्णता आतच कोंडते. पंखा जीव तोडून फिरतो, म्हणून आवाज. प्रोसेसर स्वतःला वाचवायला काम मंद करतो, म्हणून लॅपटॉप रडतखडत चालतो. आणि तापमान शंभर अंशांच्या आसपास गेलं की तो सरळ बंद पडतो. म्हणजे बंद पडणं हा त्याचा शहाणपणा आहे, बिघाड नव्हे!

आधी खात्री, मग स्क्रू

नातीनं लगेच स्क्रू ड्रायव्हर नाही घेतला. आधी तिनं तीन गोष्टी तपासल्या आणि त्या तुम्हीही तपासा.

पहिली, आवाज कसला आहे? वाऱ्यासारखा ‘घूं’ असेल तर बहुतेक धूळ. ‘खरखर’, ‘करकर’ असा घासल्यासारखा असेल तर पंख्याचं बेअरिंग झिजलंय, साफ करून भागत नाही, पंखा बदलावा लागतो. आणि जुन्या लॅपटॉपमधून ‘टक् टक्’ असा आवाज येत असेल तर तो हार्ड डिस्कचा असू शकतो. अशा वेळी बाकी सगळं सोडून आधी आपले फोटो, हिशोब, कागदपत्रं पेनड्राइव्हवर काढून घ्या.

दुसरी, कामाचा बोजा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. काहीही न करता तिथे प्रोसेसरचा वापर सत्तर-ऐंशी टक्के दिसत असेल तर एखादा प्रोग्राम किंवा व्हायरस त्याला राबवतोय. मग धूळ काढून उपयोग नाही. आमच्याकडे आकडा पाच टक्क्यांच्या आत होता. काम काही नाही आणि तरी ताप! म्हणजे दुखणं वेगळंच.

तिसरी, बाहेर येणारी हवा. बाजूच्या फटीसमोर टिश्यू पेपरचा तुकडा धरला. पंखा एवढा ओरडत होता, पण कागद हलेना. तिनं तापमान दाखवणारा एक फुकट प्रोग्रामही लावला होता. पाच मिनिटांत आकडा ९७ वर.

“काकू, वाट बुजलीय,” ती म्हणाली, “उघडू का?” बैठकीत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, “पोरीनं आणखी मोडून ठेवलं म्हणजे?” मी म्हटलं, दुकानदार तर गेलाच म्हणतोय. गेलेल्याचं आणखी काय जाणार? आणि हीच पोर मुलगा असती तर आपण विचारलं तरी असतं का?

आम्ही असं केलं

सामान अगदी साधं. बारीक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, रंगकामाचा नवा मऊ ब्रश, कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा आणि एक जुनं प्लॅस्टिकचं कार्ड. सगळं मिळून साडेतीनशे रुपये खर्च. आणि हो, घरातलं इडलीपात्र!

लॅपटॉप पूर्ण बंद केला. चार्जर काढला. खालची बॅटरी निघणारी होती, ती काढली. नवीन लॅपटॉपमध्ये बॅटरी आत असते. मागचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी तिची बोर्डात घातलेली पिन काढायची, मगच पुढे जायचं. नंतर चालू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. नायलॉनची साडी, ओढणी अशा वेळी नको. तिच्यानं अंगात जी चटचट वीज तयार होते ती आतल्या भागांना मारू शकते. सुती कपडे घालायचे आणि काम सुरू करण्याआधी लोखंडी नळाला हात लावून घ्यायचा.

मागचे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर बोर्डच फुटायचा. म्हणून नातीनं कागदावर लॅपटॉपची पाठ काढली, प्रत्येक स्क्रूला नंबर दिला आणि त्या नंबरानं इडलीपात्राच्या खळग्यात एकेक स्क्रू ठेवला. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात, हेही लक्षात ठेवा. झाकण अडलं तर ओढायचं नाही, कुठेतरी स्क्रू राहिलाय असं समजायचं. सगळे निघाल्यावर कार्डाची कड फटीत घालून हळूहळू सोडवायचं. आणि उघडण्याआधी, उघडल्यावर, प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढायचा. परत जोडताना तोच आपला गुरू.

झाकण निघालं. पंख्याला तीन स्क्रू होते आणि वायरची एक पिन. पंखा उचलला मात्र, सगळ्याजणी एकदम ओरडल्या! जाळीच्या तोंडावर करड्या रंगाची जाड पट्टी, अगदी लोकरीच्या विणकामासारखी. नातीनं चिमट्यानं टोक धरलं आणि ती अख्खी पट्टी एकसंध बाहेर आली. मावशींनी ती तळहातावर घेतली, चोळून बघितली आणि म्हणाल्या, “सूतच हाय की! म्या म्हटलं न्हवतं?”

मग ब्रशनं पंख्याची पाती झाडली. पाती एका बोटानं धरून ठेवायची. फुग्याच्या वाऱ्यानं ती गरागरा फिरू द्यायची नाहीत, त्यानं बेअरिंग खराब होतं. जाळीवर फुग्यानं हवा मारली, दोन्ही बाजूंनी. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत लावू नका, त्यानं तीच चटचट वीज तयार होते. ओलं फडकं, कॉलिन, रॉकेल यांतलं काही नको. तोंडानं फुंकरही नको, थुंकीचे कण जातात.

बाहेरून फटीत हवा मारली तर चालणार नाही का, असं तुम्ही विचाराल. धूळ भुरभुरीत असेल तर थोडा उपयोग होतो. पण एकदा पट्टी जमली की ती बाहेरच्या हवेनं उलट पंख्यात ढकलली जाते. ती पंखा काढूनच निघते.

सगळं उलट्या क्रमानं जोडलं. पाऊण तास लागला. बटण दाबताना आमच्या छातीत धडधड! लॅपटॉप सुरू झाला आणि आवाजच नाही. आम्हाला वाटलं, पंखा बंदच पडला की काय. कागद धरला तर फडफडला. तापमान वीस मिनिटांनी ६४. फॉर्म भरताना, चार खिडक्या उघड्या असताना ७५. त्या रात्री साडेनऊपर्यंत नातीनं तीन मुलींचे फॉर्म पूर्ण केले. ज्या मुलीचा फॉर्म फोनवर भरला होता तिचा पसंतीक्रमही नीट तपासून दिला. आणि ऑपरेशनसाठीचं कर्ज त्याच महिन्यात गटानं मंजूर केलं.

कुठे थांबायचं

प्रोसेसर आणि तांब्याची पट्टी यांच्यामध्ये एक राखाडी लेप असतो. त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. दोन पृष्ठभाग कितीही चोपडे दिसले तरी त्यांच्यात बारीक फटी राहतात आणि फटीतली हवा उष्णता अडवते, म्हणून हा लेप. वर्षांनुवर्षं तापून तो वाळतो. जाळी साफ करूनही तापमान उतरत नसेल तर तो बदलावा लागतो. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा, सॅनिटायझर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरनं नव्हे, आणि नवा साधारण मुगाच्या दाण्याएवढाच लावायचा. हे काम मात्र पहिल्यांदा जाणत्या माणसाकडून करून घ्या, शेजारी उभं राहून बघा. आमचं तापमान उतरलं होतं, म्हणून आम्ही त्या पट्टीला हातच लावला नाही.

बॅटरी फुगलेली दिसली, झाकण एका बाजूनं उचललेलं दिसलं, तर काही टोचू नका, दाबू नका, चार्ज करू नका. तो थेट कारागिराचा विषय. ती आग पकडू शकते. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर आधी कंपनीचे नियम वाचा. आणि लॅपटॉप पंख्याविनाच असेल, तसेही काही असतात, तर उघडायचं कारणच नाही.

दुरुस्तीवाल्यांना नावं ठेवायची म्हणून मी हे लिहीत नाही. चांगले कारागीर गावोगाव आहेत. पण दुकानात जाताना एवढं तरी विचारा: “उघडून बघितलंत का? पंखा आणि जाळी साफ करून तापमान किती येतं, ते दाखवाल का?” असं विचारणाऱ्या बाईला कुणी सहजासहजी ‘बोर्ड गेलाय’ म्हणत नाही. वस्तू दुरुस्त करून वापरणं हा ग्राहकाचा हक्क आहे, ही गोष्ट आता सरकारही मानतं. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ लक्षात ठेवा.

आणि रोजचं पथ्य सोपं आहे. लॅपटॉप गादीवर, गोधडीवर, उशीवर ठेवायचा नाही, खालच्या फटी बुजतात. मुलं नेमकी तेच करतात! टेबल नसेल तर पोळपाट उपडा घाला, पण त्याच्याखाली हवा खेळू द्या. कव्हर घातलेलं असताना चालू ठेवायचा नाही. फोडणीचा धूर, उदबत्ती, झाडू मारतानाची धूळ यांपासून लांब ठेवायचा, कारण तेलकट धूर धुळीला चिकटवून ठेवतो. उन्हाळा लागण्याआधी एकदा उघडून झाडायचा. आमच्यासारखं मागाचं, जिनिंगचं, गिरणीचं गाव असेल तर सहा महिन्यांनी एकदा.

आमच्या गटात आता दिवाळीआधी आणि होळीनंतर असा लॅपटॉप झाडायचा दिवस ठरलाय. नात शिकवते, दोन मुली शिकतात. गल्लीतल्या इतर घरांचे लॅपटॉपही येतात, शंभर रुपये घेते ती. तुमच्या घरात, गटात अशी एखादी मुलगी असेलच, जिला आत काय आहे हे बघायची उत्सुकता आहे. तिच्या हातात एकदा स्क्रू ड्रायव्हर आणि इडलीपात्र देऊन बघा. शेजारी आपण बसायचं, फोटो काढायला!